सोंग आणि ढोंग

मराठीने आपल्याला सोंग आणि ढोंग असे दोन शब्द दिले आहेत. कानाला ते जुळी भावंडे वाटतात; अर्थाने मात्र त्यांचे एकमेकांशी हाडवैर आहे. दशावतारात किंवा शिमग्याच्या खेळात गावातलाच ओळखीचा माणूस तोंडाला रंग फासून राजा होतो, राक्षस होतो, प्रसंगी लुगडे नेसून राणीही होतो. ते त्याचे सोंग. त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. उलट सोंग हुबेहूब वठले तर आयाबाया कानशिलावर बोटे मोडतात, आणि फसले तर पोरे हुर्यो करतात. ढोंगाचा न्याय याच्या अगदी उलट. ते जितके बेमालूम वठेल तितका त्याचा दोष मोठा. आणि ते उघडे पडले की करणाऱ्याबरोबर त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्यांनाही खाली मान घालावी लागते.

ग्रीक भाषेला ही चैन नव्हती. दानधर्म करताना कर्णा वाजविणाऱ्यांना आणि चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना प्रभू येशू शुभवर्तमानात ज्या शब्दाने फटकारतो, तो मूळ ग्रीक शब्द ‘हिपोक्रितेस’. आपण त्याचे भाषांतर ‘ढोंगी’ असे करतो. पण त्या काळी रंगभूमीवरच्या नटालाही हाच शब्द होता. मुखवटा चढवून दुसऱ्याचे बोलणे बोलतो तो हिपोक्रितेस. मग तो पैसे घेऊन राजाचे काम करणारा असो, की देवळासमोर साधुत्वाचे. ख्रिस्तसभेच्या प्रारंभीच्या शतकांत नटाला बाप्तिस्मा हवा असेल तर त्याने आधी आपला व्यवसाय सोडावा, असे नियम आढळतात. त्याला त्या काळच्या रंगभूमीचा ओंगळपणा हे मोठे कारण होते, हे खरे. परंतु सोंग आणि ढोंग यांच्यातली सीमारेषा पुसट असण्याचे भयही त्यामागे असावे, असे आम्हांला वाटते.

हा विचार आमच्या मनात घोळू लागला तो स्पेन्सर ट्रेसी या अमेरिकन नटाचे चित्रपट ओळीने पाहताना. पूर्वी एखाद्या नटाचे चित्रपट जसे येतील तसे, वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने पाहावे लागत. आता एकाच नटाचे दहा-बारा चित्रपट एकत्र मिळतात आणि पावसाळ्याच्या चार रात्रींत माणसाचे सारे आयुष्य डोळ्यांसमोरून सरकून जाते. १९३० साली जॉन फोर्डच्या ‘अप द रिव्हर’मधला तुरुंगातला उनाड कैदी आणि १९६७ सालच्या ‘गेस हूज कमिंग टू डिनर’मधला पांढऱ्या केसांचा, धाप लागलेला बाप, मध्ये सदतीस वर्षे आणि सुमारे पाऊणशे चित्रपट. एकेक चित्रपट सुटा पाहिला की आपण कथा पाहतो. सगळे एकत्र पाहिले की कथा मागे पडतात आणि चेहरा उरतो. तो चेहरा कधी धर्मगुरूचा असतो, कधी न्यायाधीशाचा, कधी कोळ्याचा. आणि तो सज्जनाचा आहे, अशी आपली खात्री पटत जाते.

अशी खात्री पटल्यावर कुतूहलाने त्याचे चरित्र हाती घ्यावे, तर निराळाच माणूस भेटतो. ट्रेसी १९०० साली मिलवॉकी शहरात आयरिश वंशाच्या कॅथलिक बापाच्या पोटी जन्मला. येशूसंघीयांच्या शाळेत शिकला, आणि एका वयात धर्मगुरू होण्याचा विचारही त्याच्या मनात आला होता. १९२३ साली लुईझ ट्रेडवेल या अभिनेत्रीशी त्याचे लग्न झाले, पुढच्या वर्षी जॉन हा मुलगा झाला, आणि तो जन्मतः बहिरा आहे असे काही महिन्यांनी उमगले. त्या दुःखातून आईबाप दोन वाटांनी गेले. हे आपल्या पापांचे फळ आहे, असे बापाच्या मनाने घेतले, असे चरित्रकार सांगतात. तो आधीच पिणारा होता. आता दिवसेंदिवस बेपत्ता होऊन पिऊ लागला. घर सुटत गेले. १९४१ साली कॅथरीन हेपबर्न या अभिनेत्रीशी त्याची गाठ पडली आणि त्याच्या मृत्यूपर्यंत ते नाते टिकले. लुईझशी त्याने काडीमोड कधीच घेतला नाही, आणि तो तिच्याबरोबर राहिलाही नाही.

आमच्या एका तरुण स्नेह्याने हे ऐकून सरळ प्रश्न केला: मग ते धर्मगुरूचे काम म्हणजे निव्वळ ढोंगच नव्हे काय? जो बायकोशी एकनिष्ठ राहिला नाही, त्याने झगा घालून पोरांना उपदेश करायचा आणि आम्ही डोळे पुसायचे? प्रश्न उर्मट होता, पण टाळण्याजोगा नव्हता. तो केवळ एका मृत नटापुरता नाही. व्यासपीठावरून चांगले बोलणाऱ्या, शाळेत चांगले शिकविणाऱ्या, वेदीवरून चांगला उपदेश करणाऱ्या एखाद्या माणसाविषयी काही अप्रिय कळले की हाच प्रश्न आपल्या घरांत जेवणाच्या ताटावर विचारला जातो, आणि बहुतेक वेळा वडीलधारी मंडळी ‘तू गप्प जेव’ म्हणून तो मिटवितात.

संत ऑगस्टीन तरुणपणी नाटकांचा मोठा शौकीन होता आणि पुढे नाटकांचा कडवा टीकाकार झाला. तरीही ‘स्वगते’ या त्याच्या आरंभीच्या ग्रंथात या विषयावर एक मार्मिक विचार आला आहे. रोशियस हा रोमचा प्रख्यात नट. तो रंगभूमीवर राजा प्रायम होतो तेव्हा तो खोटा प्रायम असतो, हे उघड आहे. पण तो खोटा प्रायम झाला नाही, तर खरा नट कसा ठरणार? म्हणजे काही गोष्टी अशा आहेत की एका अर्थाने खोट्या झाल्याखेरीज त्या दुसऱ्या अर्थाने खऱ्या होऊच शकत नाहीत. आरशातले प्रतिबिंब खोटा माणूस आहे, म्हणून तर ते खरे प्रतिबिंब आहे. आमच्या तरुण स्नेह्याला पहिले उत्तर हेच. पडद्यावर कथेआधी नटाचे नाव झळकते. आपण तिकीट काढतो ते सोंग पाहण्याचा करार करूनच. ज्याच्या सोंगात समोरचा माणूस भागीदार आहे त्याला ढोंगी म्हणता येत नाही. ढोंग सुरू होते ते हा करार एका बाजूने गुपचूप मोडला जातो तेव्हा.

तसा तो मोडला गेला नाही काय? गेला, परंतु चित्रपटांत नव्हे. त्या काळी मोठ्या स्टुडिओंची प्रसिद्धीखाती नटांच्या खाजगी आयुष्याचीही पटकथा लिहीत. त्या पटकथेला श्रेयनामावली नसे. हेपबर्नशी असलेले नाते हॉलिवुडमध्ये सर्वांना ठाऊक होते आणि छापत जवळपास कोणीच नव्हते. तेव्हा ढोंग शोधायचेच असेल तर ते फादरच्या झग्यात न शोधता वर्तमानपत्रांतल्या त्या सुखी कुटुंबाच्या छायाचित्रांत शोधावे लागेल. नटाचे सोंग निर्मळ राहिले, माणसाचे आयुष्य तितके राहिले नाही. हा भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो, कारण एरवी आपण रागाच्या भरात नेमकी चांगली वस्तू फेकून देतो.

इथे कोणी म्हणेल की, चांगुलपणाची कामे करता करता माणूस चांगला व्हायला हवा होता. ॲरिस्टॉटलने म्हटलेच आहे की, न्यायाची कृत्ये करून माणूस न्यायी होतो, जसा वीणा वाजवून वीणावादक. खरे आहे, पण त्याच ॲरिस्टॉटलने त्याला अटी घातल्या आहेत. ते कृत्य जाणून केलेले हवे, त्याच्यासाठीच निवडलेले हवे आणि स्थिर स्वभावातून आलेले हवे. नट क्षमा करतो ती लेखकाने लिहिली म्हणून, आणि दिग्दर्शकाला आवडली नाही तर पुन्हा एकदा करतो. अशा क्षमेने अंगाला व्यायाम होईल, आत्म्याला होईलच असे नाही. नटांचा आश्रयदाता मानला जाणारा संत जिनेशियस रोममध्ये बाप्तिस्म्याची टवाळी करणारे सोंग करीत असताना खरोखरच श्रद्धावान झाला आणि त्यापायी त्याने प्राण दिले, अशी परंपरा आहे. पण संताला संत म्हणतात तो अशी गोष्ट रोज घडत नाही म्हणूनच.

आता चित्रपटांकडे येऊ. १९३७ सालचा ‘कॅप्टन्स करेजस’ हा किपलिंगच्या कादंबरीवरचा चित्रपट आम्हांला या साऱ्या संचात सर्वांत प्रिय आहे. ट्रेसीने त्यात मॅन्युएल हा पोर्तुगीज कोळी उभा केला आहे. डोक्यावर कुरळे केस, तोंडात मोडकी इंग्रजी. त्याला स्वतःला हे ध्यान हास्यास्पद वाटत होते म्हणतात. श्रीमंत बापाचा लाडावलेला, लबाड मुलगा जहाजावरून समुद्रात पडतो आणि मॅन्युएलच्या होडीत येतो. त्याला उपदेश करायला मॅन्युएलपाशी शब्द नाहीत. तो गळ कसा टाकावा हे शिकवितो, गाणे म्हणतो आणि आपला मेलेला बाप स्वर्गात मासे धरीत असेल, असे अगदी सहज सांगतो. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांना ही श्रद्धा समजावून सांगण्याची गरज नाही. शेवटी शिडाची काठी कोसळते आणि मॅन्युएल दोरखंडांत अडकतो. आपण आता वाचत नाही, हे तो आपल्या मातृभाषेत सांगतो, मुलाला कळू नये म्हणून. मरणाऱ्या माणसाची ती एवढीशी लपवाछपवी पाहताना आम्हांला वाटले, हेही एक सोंगच की! आणि इतके प्रेमळ सोंग क्वचित पाहायला मिळते.

या भूमिकेने त्याला ऑस्कर मिळाले. पुढच्याच वर्षी ‘बॉईज टाऊन’साठी पुन्हा मिळाले, लागोपाठ दोन वर्षे प्रमुख नटाचा हा मान मिळविणारा तो पहिलाच. त्याआधी १९३६ सालच्या ‘सॅन फ्रान्सिस्को’ चित्रपटात त्याने क्लार्क गेबलसमोर फादर टिम मलिन हा धर्मगुरू केला होता. ती भूमिका स्वीकारायला तो कचरत होता, असे चरित्रकार नोंदवितात. एके काळी जो झगा आपण खरोखर अंगावर घेण्याचा विचार केला तो आता सोंग म्हणून चढवावा, हे त्याच्या मनाला बोचत होते. ही बोच ढोंगी माणसाला होत नाही. आम्हांला ती त्या भूमिकेपेक्षाही मोलाची वाटते.

‘बॉईज टाऊन’ची गोष्ट खऱ्या माणसाची होती, आणि तो माणूस तेव्हा जिवंत होता. फादर एडवर्ड फ्लॅनगन हा आयर्लंडमध्ये जन्मलेला धर्मगुरू. १९१७ साली अमेरिकेतल्या ओमाहा शहरात, उसन्या घेतलेल्या ९० डॉलरांवर एक घर भाड्याने घेऊन त्याने रस्त्यावरच्या आणि न्यायालयाने पाठविलेल्या मुलांना आसरा दिला. पुढे शहराबाहेर जमीन घेतली आणि मुलांचे एक गावच वसविले. त्या गावात जात, वर्ण, धर्म विचारला जात नसे. त्या काळच्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हती. फादर फ्लॅनगन १९४८ साली बर्लिनमध्ये, युद्धाने पोरक्या झालेल्या मुलांच्या कामासाठी गेले असता वारले, आणि २०१२ साली ओमाहाच्या महाधर्मप्रांताने त्यांच्या संतपदाची प्रक्रिया सुरू केली.

ऑस्कर स्वीकारताना ट्रेसी प्रामुख्याने फादर फ्लॅनगनविषयीच बोलला. यानंतरची हकीकत मोठी गमतीची सांगितली जाते. स्टुडिओच्या प्रसिद्धीखात्याने परस्पर जाहीर करून टाकले की ट्रेसी आपला पुतळा बॉईज टाऊनला देणार आहे. ट्रेसीला याचा पत्ताच नव्हता आणि पुतळा त्याला हवा होता. शेवटी अकादमीने आणखी एक पुतळा दिला आणि गोष्ट मिटली. बॉईज टाऊनमधल्या पुतळ्यावर फादर फ्लॅनगन यांना उद्देशून कृतज्ञतेचा मजकूर कोरलेला आहे. औदार्याचेही सोंग प्रसिद्धीखाते कसे आणते, याचा हा नमुना. तरी त्या मजकुराचा आशय आम्हांला खरा वाटतो. जे तेज पडद्यावर दिसले ते मूळ माणसाचे होते, नटाने ते अडविले नाही, एवढेच.

इथे ऑगस्टीन पुन्हा आठवतो. दोनातूसपंथीयांशी वाद करताना त्याने ठामपणे मांडले की बाप्तिस्मा देणारा धर्मगुरू पापी असला तरी बाप्तिस्मा ख्रिस्ताचाच राहतो. पाणी दगडी पन्हळीतून वाहून बागेत पोहोचते. पन्हळीत काही उगवत नाही, बाग मात्र फुलते. ही उपमा नटाला लावण्याचा मोह आम्हांला झाला, आणि तो काही अंशी आम्ही आवरला पाहिजे. संस्काराच्या मागे प्रभूचे वचन आहे. चित्रपटाच्या मागे तसे कोणाचे वचन नाही; तिथे पन्हळ फुटकी असेल तर पाणी खरोखरच वाया जाऊ शकते. वाईट माणसाच्या हातून चांगल्याचे चित्रण खोटे, गोडमिट्ट होण्याचा धोका मोठा असतो, आणि खुद्द ‘बॉईज टाऊन’मधले काही प्रसंग, विशेषतः मिकी रूनीच्या रडारडीचे, तसे झालेही आहेत. म्हणून आम्ही इतकेच म्हणू की, दात्याचा दोष दानाला आपोआप लागत नाही. दान तपासून घेण्याचा आपला हक्क मात्र राहतो.

पण खरी बोचणारी गोष्ट पुढेच आहे. चित्रपट तुफान चालला. आणि बॉईज टाऊनला येणाऱ्या देणग्या घटल्या! इतका मोठा चित्रपट निघाला, तेव्हा संस्थेला त्यातून खंडीभर पैसा मिळाला असणार, असा लोकांचा समज झाला. वस्तुतः संस्थेच्या वाट्याला त्या मानाने फारच थोडी रक्कम आली होती, आणि चित्रपट पाहून दाराशी येणाऱ्या मुलांची संख्या तर वाढलेली. सबंध अमेरिका अंधारात बसून त्या मुलांसाठी रडली, दिवे लागल्यावर डोळे पुसून घरी गेली, आणि फादर फ्लॅनगन पुन्हा पैशांसाठी वणवण करू लागले.

‘कबुलीजबाबा’च्या तिसऱ्या भागात ऑगस्टीनने नेमके याच अश्रूंवर बोट ठेवले आहे. नाटकातले दुःख पाहून माणसाला दुःखी व्हायला का आवडते? तिथे प्रेक्षकाला कोणाची मदत करायला बोलावलेले नसते. त्याला फक्त हळहळायला बोलावलेले असते, आणि तो जितका हळहळेल तितका नटाचा गौरव होतो. ही कसली दया? आम्हांला हा प्रश्न ट्रेसीच्या खाजगी आयुष्यापेक्षा अधिक अवघड वाटतो. नट सोंग आणतो हे आपल्याला ठाऊक असते. आपण खुर्चीत बसून जे आणतो ते काय? आपल्या डोळ्यांतले पाणी हा आपल्या चांगुलपणाचा दाखला आहे, असे आपण मनोमन धरून चालतो. आणि या करारात दुसरा भागीदार नसतो. मराठीत म्हणतात, सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. ओमाहातल्या हिशेबाच्या वहीने हे अक्षरशः खरे करून दाखविले. अर्थात सगळेच प्रेक्षक कोरडे गेले नसतील. चित्रपटाचे अश्रू वांझच असतात, असे ऑगस्टीनबरोबर म्हणायला आमचे मन धजत नाही. मॅन्युएलचे मरण पाहून कोणाच्या घरात काय बदलले, याची वही कोणी ठेवलेली नाही.

दुसरी वाट लुईझची. बहिऱ्या मुलाला ओठांच्या हालचाली वाचायला आणि बोलायला तिने स्वतः शिकविले. हजारदा एकच शब्द, हाच तिचा दिनक्रम. १९४२ साली लॉस एंजेलिस इथे तिने मुलाच्या नावाने जॉन ट्रेसी क्लिनिक सुरू केले. विशेष हे की, ते मुख्यतः आईबापांना शिकविण्यासाठी होते. मूल ऐकू शकत नाही म्हटल्यावर घराने काय करावे, हे तिथे विनामूल्य सांगितले जाई. लांबच्या पालकांसाठी पत्रांद्वारे अभ्यासक्रम होता, आणि तो देशोदेशी पोहोचला. त्या कामात नवऱ्याचा पैसा होता, हेही नोंदविले पाहिजे. त्याने तो हात आखडता घेतला नाही. परंतु पैसा देणे आणि रोज तिथे असणे यांत जे अंतर आहे ते आम्ही झाकू इच्छित नाही. घर सोडून गेलेल्या माणसाचे आडनाव तिने जन्मभर वापरले आणि त्या आडनावाला एक असा अर्थ मिळवून दिला, जो पडद्यावर कधी आलाच नाही. लुईझवर कोणी ‘बॉईज टाऊन’सारखा चित्रपट काढला असता तर तिची भूमिका कोणी केली असती, असा एक खोडसाळ विचार आमच्या मनात येऊन गेला.

ट्रेसीने धर्मगुरू शेवटचा केला तो १९६१ सालच्या ‘द डेव्हिल ॲट फोर ओ’क्लॉक’मध्ये. चित्रपट म्हणून तो बेताचाच. पॅसिफिकमधल्या एका बेटावर कुष्ठरोगी मुलांचे रुग्णालय, वर धुमसणारा ज्वालामुखी, आणि मुलांना खाली आणण्यासाठी तीन कैद्यांना घेऊन डोंगर चढणारा फादर डूनन. हा फादर दारुडा आहे, कडवट आहे, लोकांनी नाकारलेला आहे. आयुष्यभर बाटलीशी झगडलेला, साठी उलटलेला नट जेव्हा दारुड्या धर्मगुरूचे काम करतो, तेव्हा सोंग कुठे संपते हे सांगणे कठीण होते. तेवीस वर्षांपूर्वीचा फादर फ्लॅनगन नितळ होता. हा गढूळ आहे, आणि आम्हांला अधिक ओळखीचा वाटतो.

त्याच वर्षीचा ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ मात्र मोठा चित्रपट आहे. नाझी राजवटीत अन्यायी निकाल देणाऱ्या जर्मन न्यायाधीशांवरच्या खटल्याची ही कथा. तिला १९४७ सालच्या खऱ्या खटल्याचा आधार आहे. ट्रेसी त्यात मेन राज्यातला एक साधासा अमेरिकन न्यायाधीश आहे. आरोपींपैकी एर्न्स्ट यानिंग हा विद्वान, सुसंस्कृत, एके काळी आदरणीय असलेला न्यायवेत्ता. बर्ट लँकेस्टरने तो दगडासारखा गप्प बसविला आहे. शिक्षा झाल्यावर यानिंग कोठडीत ट्रेसीला विनवितो: त्या लक्षावधी लोकांचे असे होईल, हे मला कधी ठाऊक नव्हते, एवढे तरी माना. ट्रेसीचे उत्तर लहान आहे, आवाज चढलेला नाही. ज्या दिवशी तुम्ही एका निर्दोष माणसाला, तो निर्दोष आहे हे जाणून, मरणाची शिक्षा दिलीत त्याच दिवशी ते घडून गेले होते, असा त्याचा आशय. ही ओळ उच्चारणारा माणूस निष्कलंक असता तर ती कदाचित दगडासारखी आपल्या अंगावर आली असती. ट्रेसीच्या तोंडून ती तशी येत नाही. पहिले पाऊल कोणते होते हे ज्याला स्वतःपुरते ठाऊक आहे, अशा माणसाच्या थकव्याने ती येते. चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर एक कोरडी नोंद आहे: अमेरिकन विभागातल्या न्यूरेंबर्ग खटल्यांत कारावास झालेल्या ९९ जणांपैकी एकही आता तुरुंगात नाही.

१९६७ साली ट्रेसी इतका आजारी होता की विमा कंपन्या त्याचा विमा उतरवायला तयार नव्हत्या. दिग्दर्शक स्टॅन्ली क्रेमर आणि हेपबर्न यांनी आपापले मानधन तारण ठेवले, तेव्हा ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ सुरू होऊ शकला. सॅन फ्रान्सिस्कोमधला एक वर्तमानपत्राचा मालक जन्मभर वर्णद्वेषाविरुद्ध लिहीत आला आहे. एके दिवशी त्याची मुलगी सिडनी पॉयटिए या कृष्णवर्णीय डॉक्टरला घरी घेऊन येते आणि म्हणते, आम्ही लग्न करणार. झाले! अग्रलेखातला बाप आणि घरातला बाप समोरासमोर उभे राहतात. त्याला आरसा दाखवितो तो त्याचा जुना मित्र, एक आयरिश मॉन्सिन्योर. स्वतःच्या तत्त्वांपुढे गडबडलेला आपला मित्र पाहून त्या म्हाताऱ्या धर्मगुरूला हसू आवरत नाही. कथा फार सोयीची आहे, डॉक्टर फारच निर्दोष आहे, ही त्या वेळेपासून होत आलेली टीका आम्हांला मान्य आहे. पण बाप सोयीचा नाही. आपल्याकडेही मुलामुलींनी आपल्या समाजाबाहेरचा, आपल्या पट्टीबाहेरचा जोडीदार घरी आणला की, सभेत बंधुत्वावर बोलणारे किती बाप एकदम ‘लोक काय म्हणतील’ या मुक्कामाला येतात, हे आम्ही पाहिले आहे. ट्रेसीने त्या बापाला खलनायक केलेले नाही. तो चिडतो, आइस्क्रीमच्या दुकानात जाऊन भलतेच आइस्क्रीम मागतो आणि ते आवडल्याने आणखी चिडतो. आणि संध्याकाळपर्यंत, फार मिनतवारीने, आपल्याच लेखणीशी प्रामाणिक होतो. जगाला दाखविण्याचे आणि घरात जगण्याचे एक करणे, हीच तर त्या कथेची सारी घडामोड. आणि ती वठविणाऱ्या माणसाला स्वतःच्या आयुष्यात नेमके तेवढेच साधले नव्हते.

चित्रीकरण मे महिन्यात संपले. १० जून १९६७ रोजी पहाटे ट्रेसी स्वयंपाकघरात चहा करायला उठला आणि तिथेच कोसळला. १२ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात मिश्रवर्णीय विवाहांना बंदी करणारे कायदे एकमताने रद्द ठरविले. तोवर सोळा राज्यांत ते अमलात होते. चित्रपट डिसेंबरात लागला. हेपबर्नला त्यासाठी ऑस्कर मिळाले, पण तो पूर्ण झालेला चित्रपट आपण कधी पाहिला नाही, असे ती सांगे.

हॉलिवुडच्या चर्चमध्ये ट्रेसीसाठी मृतांची मिस्सा झाली. लुईझ आणि मुले आत होती. हेपबर्न शवगाडीच्या मागोमाग आपली मोटार घेऊन आली, आणि चर्च दृष्टीस पडल्यावर मागे वळून घरी गेली.